खाकी कागदावर

पांढऱ्या कागदावर पांढरी लेस कशी काढणार?
आजूबाजूचं सगळं काळं करत बसावं लागतं,
बोटं आखडेपर्यंत.
म्हणून मी खाकी घेते.
वह्यांच्या कव्हरांचा, इतवारीत किलोवर मिळतो तो,
एका बाजूने गुळगुळीत, दुसरीकडून खरखरीत.
खरखरीत बाजूवर काढायचं.
हे मला कोणी सांगितलं नाही.
चार कागद वाया गेले, त्यांनी सांगितलं.

खाकी म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं.
ऊन नाही, अंधारही नाही,
दुपारी तीनला खिडक्या लावलेली खोली असते तसं.
त्यावर जेलपेनने नुसता उजेड ठेवत जायचा
आणि अगदी शेवटी, काळ्या पेन्सिलीने,
प्रत्येक धाग्याच्या उजव्या अंगाला
किंचित सावली.
की धागा उठतो. कागद सोडून वर येतो.
पहिल्यांदा उठला तेव्हा
मी नखाने खरवडून पाहिला होता.

दुकान पाचपावलीत. फॉल-पिको, ब्लाउजची काजं.
मे महिन्यात बारा ते चार कुत्रंही फिरकत नाही.
मशीन झाकते, कूलरमध्ये पाणी ओतते.
कूलरजवळ कागद दमट होतो, शाई पसरते.
लांब बसावं तर शेचाळीस अंशांत
पेनाच्या टोकावरच वाळते.
दोन्हींच्या मध्ये दीड हात जागा आहे.
तिथे बसते मी.

आधी एक सैल रेघ, हात नेईल तशी.
तिने कागदाचे तुकडे पडतात.
एकेका तुकड्यात एकेक नमुना:
चाळणी, खवलं, बुंदी,
भाचीची सुटत आलेली वेणी.
तोच वळसा, परत तोच, परत तोच.
खोडायचं नाही.
चुकला तर पुढचे चार तसेच चुकवायचे,
मग तोही नमुना होतो.
बाबा असते तर रागावले असते.
मागावर चुकलेला धागा
मागे जाऊन उसवावाच लागायचा त्यांना,
जेवण थंड झालं तरी.

मोहननगरच्या अ‍ॅग्नेसबाई साळवे आल्या,
मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर.
कपाट आवरताना सापडलेला क्रोशाचा रुमाल,
त्यांच्या आईने विणलेला,
मधोमध इस्त्रीने जळलेला.
"होईल का जी काही?"
ट्यूबलाइटसमोर धरला.
"नाही होत बाई. हा धागाच आता येत नाही."
मग काय वाटलं कोण जाणे,
"दोन दिवस ठेवून जा," म्हटलं.

लेस म्हणजे भोकंच.
धागा आपला त्यांना धरून बसलेला.
दोनशे अकरा काढली, म्हणजे नाही काढली,
त्यांच्या भोवतीने फिरले.
अडले ते एकावर.
आईने सोडलेलं भोक आणि इस्त्रीने पाडलेलं भोक,
दोन्हींतून खालचा खाकीच दिसतो.
मग वेगळं दाखवू कसं?
भरून टाकावं, असंही आलं मनात.
दोन मिनिटांचं काम. कोणाला कळलं असतं?

नाही भरलं.
त्या कडेला सावली दिली नाही, एवढंच केलं.
बाकी धागे वळतात,
तिथले थांबतात.

बाईंनी चष्मा लावला नाही.
बोट फिरवत आल्या
आणि नेमकं तिथे टेकवलं.
"सत्याऐंशी साल," म्हणाल्या.
"लाइट गेली होती.
परत आली तेव्हा मी दारात बोलून राहिली होती."
कोणाशी, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

पैसे काढले त्यांनी.
फॉलचे साठ घेते मी,
याचे किती, सुचेना.
तेवढ्यात कागदाची सुरळी करून
बाई उन्हात उतरल्या, छत्री उघडली,
आणि रुमाल काउंटरवरच राहिला.
विसरल्या, का ठेवून गेल्या?
हाक मारायला उठले
तर कोपर लागून पेन गडगडलं,
थेट कूलरखाली.